गाव मावेल एवढं भिंग

परवा शेजारच्या लग्नात नवरा-नवरीच्या डोक्यावर ड्रोन घिरट्या घालत होता. भटजी मंगलाष्टकं म्हणता म्हणता वर बघत होते, त्यामुळे एकाच अष्टकाला ‘सावधान’ दोनदा आलं आणि लोकांनी अक्षताही दोनदा टाकल्या. त्यातल्या बऱ्याचशा ड्रोनच्या पंख्यांनी आमच्याच अंगावर परत पाठवल्या. संक्रांत होऊन गेली होती, माघ लागला होता, तरी वारा अजून पतंगाचाच होता. मांडवाच्या कापडावर कुठूनसा कटून आलेला एक पिवळा पतंग फडफडत होता. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. सगळे ड्रोनकडे बघून हसत होते, कारण ड्रोनवाल्यानं तसं सांगितलं होतं.

ड्रोनला दोरी नसते, ही त्याची मोठीच सोय आहे. दोरी नसली की वर काय चाललंय ते हाताला कळत नाही, आणि हाताला काही कळत नसलं की माणूस निवांत जेवायला बसू शकतो. ड्रोनवाला जेवलाही. मी मात्र ताटावर बसून उगाचच उजव्या हाताची तर्जनी चोळत राहिलो. तिथं आता काही नाही. एके काळी नायलॉनच्या दोरीनं तिथं खाच पडली होती.

भिवंडीत पतंग थंडीबरोबर यायचे आणि थंडी गेली तरी रेंगाळायचे. त्या दिवसांत गाव रस्त्यावरून उठून गच्चीवर राहायला जायचं. खाली लूमची, म्हणजे यंत्रमागांची, खटखट, वर फिरकीची घरघर. हवेत सुताचं तूस उडत असे, ते मांजाला चिकटायचं, आणि मोसमाच्या शेवटी फिरकी एखाद्या म्हाताऱ्या मांजरासारखी केसाळ दिसायची. शुक्रवारी लूम बंद असत. त्या दिवशी एवढी शांतता व्हायची, की लांबच्या गच्चीवर कुणी ‘ढील दे, ढील दे’ म्हणालं तरी इकडच्या गच्चीवरचा माणूस आपल्याच पतंगाला ढील द्यायचा. लोक वर्षभर एकमेकांकडे कसे बघत हा वेगळा विषय आहे. त्या महिना-दोन महिन्यांत ते एकमेकांकडे बघतच नसत, सगळे वर बघत. शांतता समितीच्या बैठकांपेक्षा याचा उपयोग जास्त होत असावा असं मला वाटतं, पण शांतता समितीत चहा-बिस्किटं मिळतात, त्यामुळे ती चालू राहिली.

या आभाळाचा एक उस्ताद आमच्या शाळेत भूगोल शिकवायचा. बाळाराम. भिवंडीशेजारच्या राहनाळ गावचा, आगरी घरातला, बोटांवर कापल्याच्या इतक्या रेषा की ज्योतिष्यानं हात बघायला घेतला तर गोंधळून जावं. वर्गात तो कोकणचा किनारा खडू न उचलता काढायचा, पार डहाणूपासून खाली, प्रत्येक खाडीला खडू किंचित आत वळवत. भिवंडीची खाडी इतर खाड्यांपेक्षा थोडी मोठी निघायची. मी मराठी शिकवत असल्यामुळे अतिशयोक्ती हा अलंकार आहे हे मला ठाऊक होतं, म्हणून मी कधी हरकत घेतली नाही.

दोन हजार तीन-चारच्या सुमाराला बाळाराम गर्विष्ठ झाला, असं लोक म्हणायला लागले. रस्त्यात शेजारून जाणाऱ्याला ओळख देत नाही. नमस्कार केला तर सरळ पुढं जातो. राहनाळमध्ये म्हणत, मास्तरला शिंगं फुटली. टीचर्स रूममध्ये शिपाई त्याच्या डाव्या हाताशी चहा ठेवायचा आणि तो चहा तिथंच निवायचा. एकदा मीच म्हणालो, “अरे, चहा कधीचा आलाय.” तो डोकं फिरवून टेबलावर काहीतरी शोधायला लागला. सापडेपर्यंत जो वेळ गेला, त्या वेळात मला काहीतरी कळलं, पण काय ते कळलं नाही.

ते त्यानं मला संक्रांतीच्या आसपास आमच्या गच्चीवर सांगितलं. ठाण्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं औषधानं जमेल तितकं टिकवू, असं ते म्हणाले होते. बाळारामनं माझ्या हातातलं वर्तमानपत्र घेतलं, गुंडाळून नळी केली आणि माझ्या डोळ्याला लावली. “असं बघ.” मी बघितलं. एक पाण्याची टाकी दिसली. टाकीखालचं घर दिसलं नाही. घर शोधायला गेलो तर टाकी गेली. एका पतंगाचं शेपूट दिसलं आणि पतंग सापडेपर्यंत शेपूटही हरवलं.

“दिवसभर असंच?” मी विचारलं.

“मधलं अजून नीट आहे. पेपर वाचतो. कडेकडेनं चाललंय.” मग नळी सोडवत म्हणाला, “शाळेत बोलू नको. गावात तर बिलकुल नको. आंधला मास्तर म्हनून पोरं टिंगल करतील.”

तेव्हापासून त्यानं न विचारण्याची एक कला कमावली. समोर काय आहे, कोण आहे, कुठं आहे, हे तो कुणालाही विचारत नसे. एखादी गोष्ट नजरेला सापडली नाही, तर आपला नेम चुकला असं समजून तो गप्प बसायचा आणि मान हळूहळू फिरवत राहायचा. लोकांना वाटे, मास्तर विचारात आहेत. आपल्याकडे मान हळू फिरवणाऱ्या माणसाला विद्वान समजतात.

पुढं एकदा टीचर्स रूमच्या भिंतीवरच्या नकाशासमोर तो बराच वेळ उभा होता. म्हणाला, “गंमत बघ. ह्यात मला सगळा महाराष्ट्र एका नजरेत दिसतो. आणि घराच्या मागल्या दारात उभा राहिलो, तर गोठा दिसला की पडवी जाते. माझा गाव मला तुकड्यातुकड्यानं दिसतो. एकदा सगळा एकत्र बघायचाय. बाकीचं जाईल तेव्हा जाईल.”

“गच्चीवरून बघ की.”

“तिथनं पण तुकडेच. गाव लहान व्हायला पाहिजे. माझ्या नळीत मावेल एवढा.”

सरकारी नकाशात राहनाळ म्हणजे एक ठिपका. तो त्याच्या नळीत मावत होता, पण ठिपक्यात बघायचं काय? तेव्हा वरून फोटो काढायचा, आणि वर जायचं साधन एकच ठाऊक असलेला माणूस दुसरं काय सुचवणार? पतंगाला कॅमेरा बांधायचा, असं बाळारामनं ठरवलं. त्याची घाई मला समजत होती. दर वर्षी मोसम एकच यायचा, आणि नळी दर वर्षी अरुंद व्हायची.

कॅमेऱ्यासाठी आम्ही नझीरभाईंकडे गेलो. त्यांचं फोटोचं दुकान बाजारपेठेत एका जिन्याखाली होतं. घराणं जुनं, कोकणी मुसलमानांतलं. बाप-काका सगळे लूमवाले. हे एकटेच कापडातून सुटून कॅमेऱ्यात अडकले होते. लग्नाचे फोटो नाइलाजानं काढायचे, दुरुस्ती प्रेमानं करायचे. मराठी आमच्यासारखीच बोलत आणि चिडले की हिंदीत शिरत.

“पतंगाला बांधणार?” ते म्हणाले. “सर, लोक कॅमेऱ्याचा विमा काढतात. तुम्ही त्याचा जनाजा काढताय.”

बाळारामला तिथं डोळ्यांचं सांगावंच लागलं, कारण भिंग कोणतं हवं हे त्याशिवाय सांगता येईना. नझीरभाईंनी सगळं ऐकून घेतलं. हळहळले वगैरे नाहीत. चष्मा पुसून म्हणाले, “म्हणजे तुमची नजर टेली झालीय, सर. लांबचं एवढंसं दिसतं, आजूबाजूचं कटतं. मग कॅमेरा आपल्याला वाइड पाहिजे. जितका वाइड, तितका गाव आत येणार.” इतक्या सरळ शब्दांत त्याच्या दुखण्याबद्दल कुणी बोललं नव्हतं. बाळाराम पहिल्यांदाच हसला.

मग सुरू झाली वावडीसाठी कॅमेऱ्यांची स्थळं बघायची दगदग. एक जुना धातूचा कॅमेरा खानदानी होता, भिंगही रुंद, पण वजन एवढं की वावडीनं जागची हलायलाच नकार दिला. वावडी म्हणजे मोठा, पाठीला दोन काठ्या देऊन केलेला पतंग, पोरांच्या पतंगासारखा नखरे न करता एका जागी उभा राहणारा. ती छत्रीच्या कापडाची होती आणि शिवली होती बाळारामच्या बायकोनं. मंजुळावहिनी शिलाई मशीनवर बसून माझ्याकडे बघत म्हणाल्या, “भावजी, लगीन झाल्यापासून मना कधी एक छत्री आनली न्हाय यांनी. पतंगाला चार आनल्यान.” बाळाराम म्हणाला, “तू उडत न्हाय म्हनून.” वहिनींनी त्याच्यावर कापडाची चिंधी फेकली. ती त्याच्या डाव्या कानाला लागली. ती येताना त्याला दिसली नव्हती.

पहिल्या थंडीत आम्ही प्लॅस्टिकचा एक हलका कॅमेरा निवडला. त्याचं बटण हवेत दाबणार कोण? नझीरभाईंनी लूमची एक स्प्रिंग आणली, तिला एक पट्टी जोडली, ती पट्टी दोऱ्यानं मागं ओढून बांधली आणि दोऱ्याला उदबत्तीचा तुकडा लावला. उदबत्ती जळत आली की दोरा तुटणार, पट्टी बटणावर पडणार. खेपेला एक फोटो. मग वावडी उतरवायची, रोल हातानं पुढं सरकवायचा, नवी उदबत्ती. राहनाळच्या मोकळ्या शेतात दुपारभर मोगऱ्याचा वास सुटायचा आणि रस्त्यानं जाणाऱ्या बायका कुठं पूजा आहे म्हणून थांबायच्या.

वाऱ्यावर उदबत्ती भरभर जळते हे आम्हाला सुचलं नव्हतं. वावडी पुरेशी वर जायच्या आतच पट्टी पडायची. त्या वर्षीच्या फोटोंत एका म्हशीची पाठ आहे, वहिनींचा अर्धा चेहरा आहे, माझ्या टकलाचा अत्यंत स्पष्ट असा नमुना आहे, आणि आभाळ तर पुष्कळच आहे. नझीरभाई एकेक फोटो पुढं सरकवत म्हणाले, “म्हैस का पोर्ट्रेट अच्छा आया है.” बाळाराम मात्र प्रत्येक फोटो हात लांब करून, मान सरळ ठेवून बघायचा. आभाळाचासुद्धा. मग तो गठ्ठ्याखाली सरकवून पुढचा घ्यायचा. दहावीचा निकाल बघणारी मुलं अशी बघतात.

होळी झाली, वारा फिरला, परीक्षा आल्या. पुढची थंडी येईपर्यंत तो फळ्यावर किनारा काढायचा, पण आता खडू टेकवण्याआधी डाव्या हातानं फळ्याची कड चाचपून घ्यायचा.

दुसऱ्या थंडीत नझीरभाईंनी एक डिजिटल कॅमेरा मिळवला. तेव्हा ते नवं प्रकरण होतं. रोल नाही, धुणं नाही. फोटो वाईट आला तर लगेच कळतो आणि पुसता येतो, हे ऐकून मला वाटलं, ही सोय माणसांच्या बाबतीतही यायला हवी होती. वजन कमी करायला त्यांनी तो उघडला आणि फ्लॅश काढायला घेतला. बॅटरी काढलेली होती, तरी फ्लॅशच्या पोटात वीज साठलेली असते. ती नझीरभाईंच्या कोपरापर्यंत गेली. स्टुलावरून उठून ते शांतपणे म्हणाले, “मेला नाही अजून.” कॅमेऱ्याबद्दल म्हणाले की स्वतःबद्दल, विचारायचं धैर्य झालं नाही. मग बटणाच्या जागी त्यांनी दोन तारा बाहेर काढल्या आणि ठरावीक वेळानं आपोआप जुळणारं एक छोटं सर्किट जोडलं. उदबत्तीतून सुटका झाली. राहिलं भिंग. डिजिटलचं भिंग अरुंद. त्यावर त्यांनी घराच्या दाराला लावतात ते, बाहेर कोण आलंय ते बघायचं भिंग बसवलं. दाराच्या त्या भोकातून अख्खा जिना दिसतो, मग गाव का नाही दिसणार, हा त्यांचा युक्तिवाद होता.

पहिल्याच खेपेचे फोटो आम्ही दुकानात कॉम्प्युटरवर बघितले. मधे गोल चित्र आणि भोवती सगळा काळोख. गोलाच्या मधोमध बाळारामचं घर, गोठा, पडवी आणि अंगणात वर बघणाऱ्या वहिनी, सगळं एकत्र. कडेला मात्र गाव वितळलेल्या मेणासारखं ओघळलं होतं.

“हा फोटो कॅमेऱ्यानं नाय काढला,” बाळाराम म्हणाला. “माझ्या डोल्यानं काढलाय.”

नझीरभाईंनी उगाच पंखा लावला. पण घर एकत्र दिसलं होतं. अजून वर गेलो तर गाव मधोमध येईल आणि ओघळलेलं कडेला राहील, असा हिशेब करून आम्ही दुसऱ्या दिवशी खाडीच्या बाजूला गेलो. दोरी बाळारामच्या हातात होती. वावडी त्याला दिसत नव्हती, पण दोरी हातात असली की तो डोळे मिटूनसुद्धा सांगायचा, आता वारा वळतोय, आता थोडी झुकेल. कॅमेरा वर टांगलेला, दोऱ्यांच्या झोपाळ्यात, हळू डुलत. सगळं ठीक चाललं होतं. तेवढ्यात कुठल्याशा गच्चीवरून एक पतंग आला आणि त्याचा मांजा आमच्या दोरीवर घासला.

मी ओरडायच्या आत ते घडून गेलं. दोरीवर दुसऱ्याचा मांजा घासला की पतंगबाजाचा हात काय करतो, हे भिवंडीत कुणालाही विचारा. हात ढील देतो. सरसर सोडत जातो, म्हणजे समोरचा घासून घासून स्वतःच कटतो. बाळारामच्या हातानं ते जन्मभर केलं होतं. ढील दिलेली वावडी मात्र पतंगासारखी तरंगत नाही. ती नाक खाली करते. आमची वावडी वाकली आणि कॅमेरा सरळ खाली, खाडीकाठच्या खाजणाच्या चिखलात गेला. समोरच्या गच्चीवरून आरोळी आली, “काटा.” त्यांनी काही कापलं नव्हतं, पण विजय कुणी तपासून घेत नाही.

भरती येत होती. आम्ही गुडघ्यापर्यंत चिखलात शोधलं. मी शोधलं म्हणायला हवं; बाळाराम काठावर उभा राहून हातातल्या सैल दोरीकडे मान वळवून होता. “डोल्यांनी चूक केली असती तर समजलो असतो,” तो म्हणाला. “हातानी केली.”

नझीरभाईंना सांगायला गेलो तेव्हा ते म्हणाले, “सर, ये पेच लडाने का कैमरा नहीं था.” मग आत जाऊन चहा सांगितला आणि कपाटातून आणखी एक डबा काढून समोर ठेवला. त्यात रोलचाच, पण रोल स्वतःहून पुढं सरकवणारा एक छोटा कॅमेरा होता, खरोखर रुंद भिंगाचा. तो त्यांनी स्वतःसाठी ठेवला होता. “ह्याला दाराचं भिंग नको, नुसतं तसलंच सर्किट जोडतो. हा आख्खा मोहल्ला घेतो.” पण तोवर वारा पडला होता. तो दिवस आणि पुढची थंडी यांच्यामध्ये एक अख्खं वर्ष होतं.

त्या वर्षात बाळारामची नळी पेनाच्या टोपणाएवढी झाली. पेपर वाचायला तो आता ओळीतला एकेक शब्द वेचायचा. वर्गात धडा पाठ होता, मुलं गोंगाट करत, आणि कोण करतंय ते त्याला आवाजावरून कळायचं. मुलांना वाटायचं, सरांना पाठीमागंही डोळे आहेत. राहनाळला जायचा रस्ताही त्या वर्षात बदलत होता. रोज नवी कमान, नवा ट्रक, नवी पाटी. शहरात नव्यानंच फ्लेक्सचे बोर्ड आले होते आणि आमच्या भागातल्या एका भाऊंचा वाढदिवस वर्षातून बऱ्याच वेळा येत होता.

तिसऱ्या थंडीत या भाऊंना कुठून तरी आमची वावडी कळली. आम्ही शेतात दोरी मांडत होतो, तेव्हा पांढऱ्या गाड्यांतून पांढरे कपडे उतरले. भाऊ म्हणाले, “मास्तर, उपक्रम चांगला आहे. पतंगावर माझा फोटो लावा. सगळा खर्च आपल्याकडं.”

नझीरभाई कॅमेऱ्याला झोपाळ्यात बसवत होते. वर न बघताच ते म्हणाले, “भाऊ, तुमच्या फोटोचं वजन वावडीला पेलणार नाही.”

मंडळींनी भाऊंकडे बघितलं. मग भाऊच मोठ्यानं हसले, कारण त्यांनी ते कौतुक समजून घेतलं, आणि मग सगळे हसले. जाताना ते म्हणाले, “फोटो आला की मला एक द्या. दरवाजाएवढा करून ऑफिसात लावतो.” पुढं त्यांच्या बोर्डावर आमची वावडी आलीच, त्यांच्या डोक्यामागं, खाली ‘गगनाला गवसणी’ असं लिहून.

ते गेल्यावर खाडीवरचा वारा आला, दुपारचा, एकसारखा. या खेपेला दोरी माझ्या हातात होती. बाळारामनं ती मागितली नाही. तो शेजारी उकिडवा बसला आणि त्यानं फक्त तळवा दोरीवर टेकवला, आजाऱ्याच्या कपाळावर टेकवतात तसा. “थांब. डुलतेय. थांब.” मग बऱ्याच वेळानं, “आता थांबली. आता काढंल.” तितक्या उंचीवरून बटणाचा आवाज ऐकू येत नाही. आम्ही तो ऐकत असल्यासारखे बसून राहिलो. वावडी खाली उतरवली तेव्हा रोल शेवटपर्यंत गेला होता.

त्यातला एक फोटो असा आला होता, की नझीरभाईंनी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं. थोडा तिरपा, एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला खाडीची चमक आणि मधे राहनाळ, शेवटच्या घरापर्यंत. “ह्याचा मोठा करतो, सर. तुमच्या भिंतीएवढा.”

“पासपोर्ट साइज,” बाळाराम म्हणाला.

“क्या?”

“पासपोर्ट साइज काढा, नझीरभाई. मोठा केला तर पुन्हा तुकडे होतील.”

नझीरभाईंनी कपाळाला हात लावला. “तीन साल मेहनत करके गाँव का आयकार्ड बनाऊँ?” पण त्यांनी बनवला. पांढरी किनार सोडून, कोपरे कापून, पासपोर्टच्या फोटोंसारखा बारक्या पाकिटात घालून.

राहनाळला पडवीत आम्ही बसलो. संध्याकाळचं ऊन अजून अंगणात होतं. वहिनींनी चहा आणला आणि त्याही बघायला टेकल्या. बाळारामनं फोटो चिमटीत धरला, हात लांब केला, थोडा जवळ आणला, पुन्हा लांब नेला. मग हात थांबला. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की मावलं. सगळं एकदम आत आलं होतं.

“खाडी,” तो म्हणाला. “आमचा खाजण. देऊळ. यो आपला घर.” त्यानं फोटो उजेडाकडं वळवला. मग म्हणाला, “मागल्या बाजूला ह्या पांढरा काय?”

“गोडाऊन,” वहिनी म्हणाल्या.

“रस्त्याच्या बाजूची मना ठाव हायत. ह्या घराच्या मागं, खाडीकडं. आनि ह्या? आनि ह्या?”

“सगली गोडाऊनच.”

“मंग चिंच कुठं हाय? बांधावरची?”

“ती तोरली ना. दोन पावसाले झाले. तला पन बुजवला.”

“मना कोनी सांगितला न्हाय.”

“तुमच्या म्होरंच तं हाय सगला,” वहिनी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. “त्यात काय सांगायचा?”

खरंच होतं. जे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडतं ते कुणी कुणाला सांगत नाही. सौदे झाले, भराव पडला, पत्रे चढले, तेव्हा त्याच्या कानावर आलंही असेल, अमक्यानं जमीन दिली, तमक्यानं दिली. पण चिंच गेली हे बातमीत येत नाही. त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानं कुणाला विचारलं नव्हतं.

बाळारामनं फोटो खाली ठेवला नाही. तसाच हात लांब धरून म्हणाला, “दोन वर्षं मी मागल्या दारात उभा रहून तिला शोधतंय. रोज. मान अशी फिरवतंय, तशी फिरवतंय. मना वाटला, माझा नेम चुकतंय. मना वाटला, तिथपर्यंतचा माझा दिसना गेला.” त्यानं मागल्या दाराकडं मान वळवली. “मी डोल्यांना शिव्या दिल्या. ती तिथं व्हतीच न्हाय.”

वहिनी उठून आत गेल्या. भांडी घासायची नव्हती, तरी भांड्यांचा आवाज यायला लागला.

चहा निवला. मग तो उठला आणि म्हणाला, “चल, मागं जाऊ.”

घरामागं बांधावर आम्ही उभे राहिलो. पश्चिमेला खाडी असायला हवी होती. तिथं पत्र्याची लांबच लांब भिंत होती, तिच्या वरच्या कडेवर मावळतीचं ऊन पडून ती कड वितळल्यासारखी दिसत होती. बाळारामनं माझ्या दंडाला धरलं. ओळख होऊन इतकी वर्षं झाली होती. त्यानं मला कधी धरलं नव्हतं.

“आता मी विचारतो, तू सांग,” तो म्हणाला. “डावीकडं भेंडीच्या झाडांची रांग व्हती.”

“नाही.”

“गेली. बरं. तिच्या पल्याड धर्माकाकाची विहीर.”

“नाही. ट्रक उभे आहेत.”

“खाडीवरचा धक्का?”

“इथून दिसत नाही. भिंत आडवी आहे.”

“म्हंजे तुला पन दिसत न्हाय.” तो जरासा हसला. मग त्यानं मान उजवीकडं वळवली आणि हळूहळू, कणाकणानं फिरवायला लागला. “इथं देवलाचा कलस हाय. फोटोत व्हता.”

“आहे.”

“कुठं?”

“अजून उजवीकडं. थोडा वर. नारळाच्या डाव्या अंगाला.”

त्यानं शोधला. मान वर गेली, खाली आली, कळसावरून पुढं गेली आणि परत त्याच्यावरूनच मागं आली. ऊन थेट कळसावर होतं, पितळ पेटल्यासारखं दिसत होतं. माझ्या दंडावरची बोटं घट्ट झाली.

“नाय गावत,” तो म्हणाला. “हाय ना पन तिथं? नक्की?”

“आहे. माझ्यासमोर आहे.”

“मग ह्यो दोष माझ्या डोल्यांचा,” बाळाराम म्हणाला, आणि त्याचा श्वास मोकळा झाला. “मग बरा हाय. पुढं काय हाय, सांग.”